तोळाभर शिसं आणि चार देशांचे कायदे

ओहायो राज्यात कोलंबस शहराच्या कडेला माझी मावसबहीण राहते. नोव्हेंबरात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन काडतुसं उभी केली. म्हणाले, "पुढच्या सोमवारी बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम सुरू होतोय. यातलं एक काडतूस घेऊन गेलो तर मी शिकारी, दुसरं घेऊन गेलो तर गुन्हेगार. ओळखा बघू."

दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे माझी मजल कधी गेलेली नाही. तरी पैज म्हटल्यावर वाकून वाकून पाहिलं. एक काडतूस मधल्या बोटाएवढं लांब, अंगानं भरलेलं, वर निमुळते खांदे, मग बारीक मान आणि मानेतून डोकावणारी टोकदार गोळी. थेट सुरई. दुसरं त्याहून बुटकं, खालपासून वरपर्यंत सरळ, फळ्यावर लिहून अर्धा झिजलेल्या खडूसारखं. हरणाएवढं जनावर मारायचं तर दमदार काडतूस हवं, असा हिशेब करून मी सुरईकडे बोट दाखवलं.

चुकलो. सुरई बेकायदा, खडू कायदेशीर. आणि कारण? "आकार," आजोबा म्हणाले. पितळेला खांदा आहे की नाही, एवढ्यावर तिथल्या कायद्याचं काम भागतं.

कायदा माणसाचं वय विचारतो, परवाना विचारतो, हे ठाऊक होतं. तो पितळी नळकांड्याची भूमिती तपासतो, हे मला नवीन होतं. परत आल्यावर या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला. हरणासाठी कुठली रायफल आणि कुठलं काडतूस चालेल, हे वेगवेगळे देश कशावरून ठरवतात? सापडलं ते इतकं गमतीचं होतं की ते एकट्यानं पचवणं शक्य नाही.

आधी काडतूस म्हणजे काय, ते पाहू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी टाकणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडावर गोळी. बस्स, चारच वस्तू. चाप ओढला की टोपीवर हातोडी पडते, दारू पेटते आणि त्या वायूचा दाब गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. आजोबांच्या सुरईचं नाव ३०-०६, उच्चारी थर्टी-ऑट-सिक्स. तिच्यासाठी ठरलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. तुमच्या मोटारीच्या चाकात असतो त्याच्या सुमारे १,८०० पट. हा दाब शिकाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो आणि त्याच्या गालाला काही होत नाही, याचं श्रेय पितळेला.

सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं हे पितळ. आधी चकतीची वाटी करतात, मग ती वाटी टप्प्याटप्प्यानं ओढून लांब करतात. तांबट आळीतल्या कारागिराला यातलं निम्मं काम बघताक्षणी कळेल. बार उडतो त्या क्षणी पुंगळी फुगून रायफलीच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायूला मागे यायला फटच राहत नाही. गोळी निघून गेली, दाब उतरला, की तीच पुंगळी केसभर आकसते आणि बोटानं ओढली तरी बाहेर येते. फुगणं आणि आकसणं, दोन्ही एका सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मधला, तोही हेच पितळ ओढतो. पुण्यात जन्म काढून मला त्याचं कधी कौतुक वाटलं नव्हतं, हे कबूल करतो.

मग सुरईचा आकार कशाला? पोटात दारू पुष्कळ मावावी आणि गोळी मात्र बारीक असावी, म्हणून. भरपूर दारू, हलकी गोळी, म्हणजे वेग. खडूच्या आकारात गोळी जेवढी जाड तेवढंच पोट, त्यामुळे दारूला जागा बेताची. खांदा म्हणजे वेग, एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा एक दाणा, आणि एका पौंडात असे ७,००० दाणे. आपला सराफही दाण्यांनीच मोजायचा, फक्त त्याचा दाणा गुंजेचा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळ्याचं वजन पक्कं केलं ते बरोब्बर १८० ग्रेन. आणि ३०-०६ मध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेली एक गोळी आहे, तिचं वजनही १८० ग्रेन. म्हणजे एक तोळा! दीडशे ग्रेनची गोळी म्हणजे दहा मासे. बायकोच्या बांगडीचं आणि अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळीचं माप एकाच तराजूत बसतं, हे कळल्यावर मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो होतो.

हा एक तोळा नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं सुटतो. आवाजाच्या दुपटीहून जास्त. नळीच्या आत गोल फिरत जाणारे आटे कोरलेले असतात. दर दहा इंचांना एक वळण असेल, तर हिशेब करा: बाहेर पडलेली गोळी स्वतःभोवती सेकंदाला तीन हजारांहून जास्त गिरक्या घेत असते. आपल्या छताचा पंखा जोरात असला तरी सेकंदाला पाच-सहा. भोवरा फिरतो म्हणून उभा राहतो, गोळी फिरते म्हणून सरळ जाते. हे आटे पुढे एका देशाच्या कायद्यात लुडबुड करणार आहेत, तेव्हा त्यांना विसरू नका.

आता ओहायो. इथला बराचसा मुलूख सपाट. मक्याची शेतं, सोयाबीन, मध्येच झाडांचा पट्टा, त्यामागे घर, घरामागे रस्ता. १९०४ च्या सुमारास या राज्यात एकही हरीण उरलं नव्हतं, आणि आज ८८ च्या ८८ काउंट्यांत पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. लांडग्यांसारखे शिकारी प्राणी उरले नाहीत, त्यामुळे वाढीला लगाम नाही. माझ्या बहिणीनं अंगणात लावलेले ट्यूलिप सलग तीन वर्षं त्यांच्या पोटात गेले. शिकार हवी यावर तिथे फारसं दुमत नाही. भीती आहे ती नेम चुकलेल्या गोळीची. वर तोंड करून सुटलेली ३०-०६ ची गोळी चार किलोमीटरच्या पलीकडे पडू शकते. डोंगर असता तर ती डोंगरात गेली असती. सपाटीवर ती कुणाच्या तरी ओसरीवर जाणार.

म्हणून ओहायोनं कित्येक वर्षं हरणासाठी रायफल चालूच दिली नाही. बारा बोअर घ्या, त्यात छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळा घाला, नाहीतर ठासणीची बंदूक घ्या. (बारा बोअर म्हणजे काय, हे मला आयुष्यभर कळलं नव्हतं. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोल गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते!) आणि ठासणीची बंदूक म्हणजे आपल्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघरी टांगलेली तीच, तिथे ती हौशी लोक नवी कोरी विकत घेतात.

पण बारा बोअरचा तो गोळा खांद्याला असा दणका देतो की किरकोळ अंगाचा माणूस पुढच्या वेळी चाप ओढताना डोळेच मिटतो. मग २०१४ पासून ओहायोनं मधली वाट धरली. रायफल चालेल, पण पुंगळी सरळ भिंतीची हवी, गोळीचा व्यास .३५७ इंचापेक्षा कमी नको आणि .५० पेक्षा जास्त नको, आणि एका वेळी तीनच काडतुसं भरायची. खांदा नाही, म्हणजे वेग कमी. जाड, बोथट गोळी, म्हणजे हवेत लवकर दमते. कायद्यानं वेगाचं नावही घेतलं नाही. त्यानं फक्त पुंगळीचा आकार सांगितला आणि वेग आपोआप खाली आणला. जंगलात उभ्या असलेल्या वनरक्षकाला वेग मोजता येत नाही. पण पुंगळीला खांदा आहे की नाही, हे त्याला बोट फिरवून कळतं. मला ही युक्ती फार आवडली.

त्याच वर्षी शेजारच्या मिशिगननं आपल्या दक्षिण भागासाठी असाच नियम केला आणि वर लांबीचीही अट घातली: सरळ पुंगळी, .३५ किंवा त्याहून जाड गोळी, आणि पुंगळीची लांबी १.१६ ते १.८० इंच. त्यात एक म्हातारं काडतूस अडकलं. ४५-७० हे १८७३ मधलं अमेरिकी लष्कराचं काडतूस, त्या देशातलं अस्सल जुनं सरळ नळकांडं. त्याची पुंगळी २.१०५ इंच भरते. ओहायोत ते मानानं मिरवतं, मिशिगनच्या त्या नियमात ते अर्ध्या बोटानं नापास. जाता जाता नावांची गंमत सांगतो. ४५-७० मधला ७० म्हणजे दारूचं वजन, सत्तर ग्रेन. ३०-०६ मधला ०६ म्हणजे सन, १९०६. नावं एका साच्यातली, अर्थ भलतेच.

पुढचा अंक कारखानदारांचा. पुण्या-मुंबईच्या इमारतींचा आकार वास्तुविशारद ठरवत नाही, एफएसआयचा नियम ठरवतो, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. तसंच इथे झालं. २०१९ च्या जानेवारीत विंचेस्टर कंपनीनं ३५० लेजंड नावाचं काडतूस बाजारात आणलं. आजोबांच्या टेबलावरचा खडू तो हाच. पुंगळी सरळ. लांबी १.७१ इंच, म्हणजे मिशिगनच्या १.८० च्या आत. गोळीचा व्यास कागदावर .३५७, म्हणजे ओहायोच्या उंबरठ्यावर बरोब्बर पाय. दोन राज्यांचे नियम समोर ठेवून त्यांच्या मधल्या फटीत बेतलेलं हे काडतूस आहे. आणि 'सरळ' हा शब्दही फार ताणू नका. बारकाईनं मोजलं तर ते बुडाशी किंचित रुंद आणि तोंडाशी किंचित अरुंद आहे. अगदीच सरळ असतं तर ते रायफलीतून सुटायला कुरकुरलं असतं. इंडियानात तर हौशी लोकांनी लांब पुंगळ्या चक्क कापून तिथल्या लांबीच्या नियमात बसवल्या. नियमाला पळवाट शोधण्यात आपणच हुशार असतो असं नाही.

पण या सगळ्याचा मूळ पाया किती पक्का? पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या एका समितीनं २००७ मध्ये याचा अभ्यास करवून घेतला. नळी वर करून झाडलं, तर रायफलची गोळी सगळ्यात लांब जाते, हे अपेक्षितच होतं. पण नळी आडवी धरून झाडलं, जसं शिकारी बहुतेक वेळा झाडतो, तर बारा बोअरचा तो जाड गोळा जमिनीला लागून उसळत उसळत रायफलच्या गोळीहूनही थोडा पुढे जातो. रायफलची वेगवान गोळी जमिनीवर आपटली की बरीच फुटते-चेपते; संथ, जाड गोळा अंग राखून उड्या मारतो. बारा बोअर म्हणजे आपोआप सुरक्षित, ही समजूत अर्धीच खरी होती तर.

एक उल्लेख राहिला. ओहायोत हंगामात प्रत्येक शिकाऱ्यानं झगझगीत नारिंगी जाकीट घालायचं, असा दंडक आहे. दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा म्हणून. हरणाच्या डोळ्यात आपल्यासारखे तीन नाही, दोनच प्रकारचे रंगग्राही शंकू असतात. तांबडा-नारिंगी त्याला वेगळा उठून दिसत नाही. माणसाला ओरडून सांगणारा रंग हरणाच्या लेखी झाडाझुडपात मिसळून जातो.

अटलांटिक ओलांडून इंग्लंडात या, की भीती उलटी होते. ओहायोनं वरून छत घातलं होतं. इंग्लंडनं खालून जमीन आखली आहे. १९९१ चा हरीणविषयक कायदा म्हणतो: रायफल .२४० इंचापेक्षा बारीक नको, आणि नळीतून निघताना गोळीत किमान १,७०० फूट-पौंड ऊर्जा हवी. एक पौंड वजन एक फूट उचलायला लागते ती एक फूट-पौंड. तेव्हा १,७०० म्हणजे साधारण एक छोटी मारुती जमिनीपासून फूटभर उचलायला लागेल एवढी ताकद. इथे काळजी पलीकडच्या घराची नाही, हरणाची आहे. हलक्या गोळीनं जखमी झालेलं हरीण झुडपात जाऊन तासन्‌तास तडफडतं. ते होऊ नये म्हणून छर्ऱ्यांच्या बंदुकीलाही तिथे, थोडे अपवाद सोडले तर, मनाई. जे ओहायोत वर्षानुवर्षं सक्तीचं, ते इंग्लंडात निषिद्ध.

त्याच कायद्यातली पुढची अट वाचून मी उठून दोन फेऱ्या मारल्या. गोळी मऊ नाकाची किंवा पोकळ नाकाचीच हवी. म्हणजे लागल्यावर फुलणारी. ही गोळी आपल्या ओळखीची आहे. कोलकात्याचं विमानतळ जिथे आहे त्या दमदममध्ये इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९० च्या दशकात तिथे कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्यानं .३०३ च्या गोळीचं टोक तांब्या-निकेलच्या आवरणातून थोडं उघडं ठेवलं. शिसं मोकळं राहिलं आणि गोळी अंगात शिरली की फुलू लागली. हीच ती 'दमदम गोळी'. तिच्यावरून युरोपात एवढा गदारोळ झाला की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरायला बंदी घालणारी घोषणा झाली.

म्हणजे सैनिकावर जी गोळी चालवायला मनाई, तीच हरणावर चालवायची सक्ती. आधी हा निव्वळ ढोंगीपणा वाटतो. विचार केला की दोन्हींतलं तर्कशास्त्र दिसतं. युद्धात शत्रू लढण्यातून बाद झाला की पुरे, त्याचे हाल वाढवू नयेत, असा हेगचा विचार. शिकारीत मात्र हरीण अर्धवट बाद होऊन चालत नाही. पूर्ण आवरणाची टणक गोळी सुईसारखी आरपार जाते, आपली बरीचशी ऊर्जा सोबत घेऊन. हरीण धावत सुटतं. फुललेली गोळी ती सगळी ऊर्जा छातीतच खर्च करते आणि काम क्षणात संपवते. हाल कमी करायचे, हा हेतू दोन्हीकडे एकच. निष्कर्ष मात्र टोकाचे विरुद्ध.

स्कॉटलंडची पट्टी आणखी कडक. तिथल्या १९८५ च्या आदेशात ऊर्जा १,७५० फूट-पौंड, वेग किमान सेकंदाला २,४५० फूट, आणि गोळी किमान १०० ग्रेनची. रो नावाच्या छोट्या हरणासाठी सूट आहे, पण ते सोडा. अडीच-तीन दशकं हे सुरळीत चाललं. मग शिशाचा प्रश्न आला. शिशाची गोळी लागली की तिचे बारीक कण मांसात विखुरतात. मागे टाकलेली आतडी गिधाडं-गरुड खातात आणि विषबाधेनं मरतात. आपली गिधाडं गुरांच्या डायक्लोफेनॅक या औषधानं नेली, कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांना शिसं नेत होतं. तिथे जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद. पर्याय तांब्याचा.

आणि इथे ते आटे परत येतात. एका घन सेंटिमीटर शिशाचं वजन ११.३ ग्रॅम, तांब्याचं ८.९. तेवढ्याच वजनाची गोळी तांब्याची करायची तर ती लांब होणार, कारण जाडी नळीनं आधीच ठरवून टाकली आहे. लांब गोळी म्हणजे उंच भोवरा. तो उभा राहायला जास्त जोरात फिरवावा लागतो. पण स्कॉटिश शिकाऱ्यांच्या लाडक्या .२४३ रायफलींच्या नळीत सहसा दहा इंचांना एक वळण. त्यातून १०० ग्रेनची तांब्याची गोळी सुटली की भोवऱ्यासारखी डगमगू लागते. शिसं नको, पण १०० ग्रेन हवेतच, या कात्रीत हजारो रायफली निकामी ठरल्या असत्या. शेवटी २०२३ मध्ये कायद्यानं १०० चे ८० केले. धातूबरोबर घनता बदलली, तिनं लांबी बदलली, लांबीनं गिरकी मागितली आणि गिरकीनं संसदेला वाकवलं!

जर्मनीनं तर आणखी निराळा प्रश्न विचारला आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत शहाणा. तुमची गोळी नळीतून निघताना केवढी तगडी होती, हे आम्हाला सांगू नका. १०० मीटरवर पोचते तेव्हा तिच्यात काय उरतं ते सांगा. रो हरणासाठी १०० मीटरवर १,००० ज्यूल. त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी २,००० ज्यूल आणि शिवाय ६.५ मिलिमीटर जाडी. हरीण नळीच्या तोंडाशी उभं नसतं, हे जर्मनांनी कायद्यात लिहून ठेवलं.

आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात आपलं सांबर आहे. तेच, मेळघाटातलं. १८६० च्या दशकात युरोपियनांनी ते तिथे नेऊन सोडलं, आणि ते डोंगरात असं रुळलं की आज त्याची रीतसर शिकार चालते. तिथल्या नियमांनी गोळीचा व्यास आणि वजन पकडलं: सांबरासाठी किमान .२७० इंच आणि १३० ग्रेन. चितळासाठी .२४३ आणि ८० ग्रेन पुरतात. ऊर्जेचा, वेगाचा शब्द नाही. सांबराचं अंग किती दणकट, याचा अंदाज मला त्या १३० ग्रेनांवरून आला. इंग्लंडातही आपल्या भेकराचा चिनी भाऊ, मंटजॅक, वोबर्न नावाच्या उद्यानातून सुटून देशभर पसरला आहे. कुत्र्याएवढंच जनावर, म्हणून त्याच्यासाठी .२२० ची रायफल, ५० ग्रेनची गोळी आणि १,००० फूट-पौंड चालतात.

आता आजोबांची दोन काडतुसं आणि तिसरं ते .२४३ खिशात घालून या देशांतून मनातल्या मनात फिरून यायला हरकत नाही. (मनातल्या मनातच. खरं काडतूस सामानात सापडलं तर विमानतळावरून थेट पोलीस चौकी.) ३०-०६ इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, व्हिक्टोरिया, सगळीकडे ताठ मानेनं आत जातं; अडतं ते फक्त आपल्याच गावी, ओहायोत, त्या मानेपायी. ३५० लेजंडची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २,३२५ फूट वेगानं सुटते, ऊर्जा सुमारे १,८०० फूट-पौंड. इंग्लंडच्या १,७०० च्या रेषेवरून ती टुणकन उडी मारते. व्हिक्टोरियात सांबरालाही चालते. स्कॉटलंडच्या दारात मात्र १२५ फुटांनी वेग कमी पडतो. जर्मनीत १०० मीटरवर तिच्यात साधारण १,७०० ज्यूल उरतात, तेव्हा रो मिळेल, मोठं हरीण नाही. आणि .२४३ ची १०० ग्रेनची गोळी? स्कॉटलंडची लाडकी, इंग्लंडात तीन हजारांश इंचानं पास, जर्मनीत ६.५ मिलिमीटरला किंचित कमी म्हणून फक्त रोपुरती, व्हिक्टोरियात चितळाला हो आणि सांबराला नाही, ओहायोत दारातूनच परत.

तीच पितळेची पुंगळी, तोच न्यूटन, तीच पृथ्वी. फरक एवढाच, की एकाला मक्याच्या शेतापलीकडचं घर दिसतं आणि दुसऱ्याला झुडपातलं जखमी हरीण.

कायद्याच्या या कुंपणात जे उरतं त्यातून निवड शिकाऱ्याची. आजोबांचा हिशेब साधा होता. त्यांच्या शेतात हरीण शंभर यार्डांच्या आतच दिसतं. १०० यार्डांवर नेम लावून ठेवला, तर २०० वर ३५० लेजंडची गोळी साधारण वीतभर खाली उतरते. ३०-०६ ची चार-पाच बोटं. तेवढ्या अंतरावर ते चाप ओढतच नाहीत. खांद्याला दणका बेताचा बसतो, म्हणून सत्तरीतही डोळे उघडे ठेवून झाडता येतं. मग सुरई ठेवलीच का, विचारलं. "वडिलांची रायफल आहे," ते म्हणाले. "ती फक्त साफ करतो."

आपल्याकडे या निवडीचा प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता चितळ, सांबर, भेकर, काळवीट, कुणावरही हौसेखातर गोळी झाडता येत नाही. व्यास, ग्रेन, ज्यूल सगळे बाद. पण ओहायो, मिशिगन, इंडियाना, इलिनॉय, आयोवा या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि शेजाऱ्याबरोबर एखादा हंगाम बघावा असं कुणाला वाटलं तर नवल नाही. त्यांना एवढंच सांगतो: मी दिलेल्या आकड्यांवर विसंबून दुकानात जाऊ नका. हे नियम सारखे हलतात. इलिनॉयनं सरळ पुंगळीची रायफल २०२३ मध्ये पहिल्यांदा येऊ दिली, तीही एका वेळी एकच काडतूस घेणारी. आयोवानं २०१७ मध्ये. आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षीची पुस्तिका उघडा, काडतुसाच्या डबीवरचं नाव तिच्याशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा. आणि ४५-७० वर जीव जडला असेल, तर पैसे मोजण्याआधी पुंगळी मोजा.